ध्यान, मंडल आणि वस्तीतली तपासणी : महाविद्यालयातली दोन दिवसांची कार्यशाळा कशी लावावी

"मुलं ध्यानात झोपली." "मंडल अर्धंच राहिलं." "वस्तीत तपासणीला गेलो तर निम्म्या घरांना कुलूप." सातारा आणि कराड भागातल्या महाविद्यालयांना मी बौद्ध परंपरेवर आधारलेल्या कार्यशाळा लावायला मदत करते. कार्यशाळा झाल्यावर येणाऱ्या फोनांत या तीन तक्रारी ठरलेल्या असतात. तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. ध्यान, कला (म्हणजे मंडल, रांगोळीनं भरलेली वर्तुळाकार नक्षी) आणि आरोग्य हे तीन विषय तीन पाहुण्यांना वाटून दिलेले असतात आणि कोणता आधी, कोणता नंतर हे पाहुण्यांच्या सोयीनं ठरलेलं असतं.

क्रम सोयीवर सोडू नका. आधी बसणं, मग हातानं काम, मग माणसांत जाणं. श्वासाकडे लक्ष ठेवण्याची सवय सकाळी लागली की ती दुपारपर्यंत रांगोळीच्या चिमटीत उतरते, आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या मावशींचं दुखणं मध्येच न तोडता ऐकताना तीच कामाला येते. खालची सगळी मांडणी ४० विद्यार्थी आणि दोन दिवस धरून केली आहे.

## टप्पा १ : तारीख (सहा आठवडे आधी)

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

७ नोव्हेंबर ही तारीख साताऱ्यात सगळ्यांना हवी असते. बाबासाहेबांचं नाव १९०० साली याच दिवशी साताऱ्यातल्या शाळेत दाखल झालं, आणि राज्यात हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण ही तारीख बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिच्या काठावर येते. वसतिगृह रिकामं, एसटीला गर्दी, आणि वीस मुलांवर कार्यशाळा उरकावी लागते. बुद्धपौर्णिमा वैशाखात येते, तेव्हा परीक्षा किंवा उन्हाळी सुट्टी. ६ डिसेंबरच्या आगेमागे अनेक विद्यार्थी चैत्यभूमीला गेलेले असतात आणि ज्यांना या विषयाची सर्वांत जास्त ओढ आहे तेच नेमके हजर नसतात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीसाठी नायगावकडे जाणारे गट असतात, शिवाय डिसेंबर-जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं असतात.

माझा अनुभव असा की नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा किंवा जानेवारीचा तिसरा आठवडा सर्वांत बरा. पावसाळ्यात घेऊ नका. ओलसर हवेत रांगोळीचे गोळे होतात आणि वस्तीत चिखलातून फिरणं होत नाही.

तपासा : परीक्षेचं वेळापत्रक, सेवा योजनेच्या शिबिराची तारीख, ज्या वस्तीत जायचं तिथला आठवडी बाजार आणि तिथली जत्रा. चारही एका कागदावर मांडल्याशिवाय प्राचार्यांकडे तारीख नेऊ नका.

## टप्पा २ : माणसं आणि परवानग्या (पाच ते तीन आठवडे आधी)

वस्ती आधी, पाहुणे नंतर. बहुतेक ठिकाणी उलट होतं. प्रथम त्या भागातल्या आशाताईंना भेटा. त्यांना दोन प्रश्न विचारा: लोक घरी कधी असतात, आणि सध्या लोकांना कशाचा त्रास आहे? पहिल्या प्रश्नातच कुलपांचं उत्तर असतं. खुरपणीला, ऊसतोडीला किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या बायका सकाळीच घर सोडतात. अकराला गेलात तर म्हातारी माणसं आणि लहान मुलंच भेटणार. त्यामुळे दुसऱ्या दिवसाची सुरुवात सकाळी साडेसातला वस्तीत होते. एवढ्या लवकर पोचायचं तर मेढा, पाटण, कोरेगावकडच्या मुलामुलींची आदल्या रात्री वसतिगृहात सोय लावावी लागते. ती आत्ताच लावा.

मग ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला पत्र, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेट. पत्रात "आरोग्य शिबिर" लिहू नका. शिबिर म्हटलं की लोक औषधं मिळतील म्हणून येतात. "रक्तदाब तपासणी आणि आरोग्य-संवाद" असं लिहा.

ध्यान कोण घेणार? जी व्यक्ती स्वतः रोज बसते ती. उत्तम वक्ता असणं ही पात्रता नाही. आणि जाहिरातीत "विपश्यना शिबिर" असं नाव देऊ नका. गोएंका गुरुजींच्या परंपरेत विपश्यना दहा दिवसांच्या निवासी शिबिरात, अधिकृत आचार्यांकडूनच शिकवली जाते. तासाभराच्या बैठकीला ते नाव देणं हे त्या परंपरेशी आणि आपल्या मुलांशीही खोटं बोलणं आहे. आपण आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहणं, एवढंच करतो. तेवढंच लिहा.

वंदनेचं काय? हा प्रश्न दर वेळी येतो आणि दर वेळी आयत्या वेळी भांडण होतं. मी असं करते: त्रिशरण-पंचशील (बौद्ध वंदनेतलं पठण) सुरुवातीआधी पंधरा मिनिटं, ज्यांना यायचं त्यांच्यासाठी. हजेरी त्यानंतर. कुणाला बळजबरीनं हात जोडायला लावायचे नाहीत. पण "हे नुसतं रिलॅक्सेशन आहे, धर्माचा काही संबंध नाही" असंही सांगायचं नाही. हे बुद्धांच्या शिकवणुकीतून आलं आहे हे पहिल्या पाच मिनिटांत स्वच्छ सांगा. ज्यांच्या घरात हा वारसा जपला गेला, त्या मुलांसमोर तो बिननावाचा करून मांडणं मला अन्यायाचं वाटतं.

सावध : नोंदणीच्या फॉर्मवर दोन प्रश्न ठेवा: दमा किंवा धुळीची ॲलर्जी आहे का, आणि डोळे मिटून शांत बसताना पूर्वी कधी घाबरायला झालं आहे का. उत्तर द्यायची सक्ती नको. हे फॉर्म एकाच शिक्षकाकडे राहतील.

## टप्पा ३ : खोली आणि सामान (एक आठवडा आधी)

सभागृह नको. मोठा वर्ग किंवा ग्रंथालयाचं दालन घ्या, बाकं बाहेर काढा. बसायला सतरंज्या आणि घडी करून बूड उंच करायला जुन्या चादरी. दहा खुर्च्याही मांडा आणि "खुर्चीवर बसणं कमी दर्जाचं नाही" हे तोंडानं सांगा, नाहीतर गुडघा दुखत असूनही मुलं खाली बसतात.

मंडलासाठी शेजारची वेगळी खोली, कुलूप लागणारी. पाच जणांचा एक गट, असे आठ गट. प्रत्येक गटाला:

- ३ फूट × ३ फूट प्लायवूड, काळा रंग लावून पूर्ण वाळवलेलं
- पांढरी आणि रंगीत मिळून दोन-अडीच किलो रांगोळी
- बारीक चाळणी, जाड कागदाचे शंकू, मऊ ब्रश
- खडू, फूटपट्टी, आणि भोकं पाडलेली दीड फुटाची लाकडी पट्टी (याचं कारण पुढे)
- मास्क

प्लायवूड जमिनीवर टेकवू नका, चार विटांवर ठेवा. एक तर कुणाचा पाय लागत नाही. आणि बुद्धमूर्ती, बुद्धांचा चेहरा किंवा धम्मचक्र जमिनीवरच्या रांगोळीत काढलं की कुणाचं तरी मन दुखावतंच. या आकृत्या फळ्यावर किंवा भिंतीवर घ्या. मंडलात कमळ, पिंपळपान, वेली आणि भौमितिक नक्षी पुष्कळ झाली.

तपासा : पंखा बंद केल्यावर त्या खोलीत दोन तास बसवतं का, हे स्वतः बसून पाहा.

## टप्पा ४ : पहिला दिवस, सकाळ – बसणं (९.४५ ते १०.४५)

वेळ पहिल्या एसटीवर ठरवा. आठला सुरू करतो म्हणून नऊच्या बसची मुलं मध्येच आत आली, तर सगळ्यांचंच बसणं मोडतं. नाश्ता पोहे किंवा उपमा, तोही थोडा. मिसळ आणि दोन पाव खाऊन आलेल्या मुलांनी जागं राहावं अशी अपेक्षा करू नका. झोपेची तक्रार टळते ती इथे, आणि ध्यानाचं सत्र जेवणानंतर न ठेवल्यानं.

१. मोबाइल बंद करून दाराबाहेरच्या खोक्यात. सायलेंट नव्हे, बंद.

२. पाच मिनिटं सूचना: पाठ ताठ पण ओढलेली नाही, हात जिथे सुखानं टेकतील तिथे, डोळे मिटलेले किंवा अर्धे उघडे.

३. दहा मिनिटं आनापान. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर, जिथे श्वास लागतो तिथे लक्ष. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. मन गेलं, हे कळलं, परत आलो.

४. दहा मिनिटं चालणं. व्हरांड्यात प्रत्येकाला दहा-बारा पावलांची पट्टी. पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकवलं. ज्यांना बसणं जमत नाही त्यांना हे हमखास जमतं, म्हणून हे वगळू नका.

५. पुन्हा पंधरा मिनिटं आनापान.

६. शेवटी पाच मिनिटं मैत्री, म्हणजे मनात दुसऱ्याचं भलं चिंतणं. आधी स्वतःसाठी, मग जवळच्या माणसासाठी, मग रोज दिसणाऱ्या पण ओळख नसलेल्या माणसासाठी. ज्याच्याशी वैर आहे त्याच्यापासून सुरुवात करायला लावू नका. नवख्या मुलाच्या डोक्यात त्यानं फक्त भांडण पुन्हा सुरू होतं.

नेहमीच्या चुका तीन. पहिली, श्वास मोजून घ्यायला, रोखायला सांगणं. तो प्राणायाम झाला. तो चांगला असेल, पण इथे श्वास बदलायचा नाही, पाहायचा आहे. दुसरी, मागे बासरी लावणं. मग मुलं श्वासाऐवजी बासरी ऐकतात. तिसरी आणि सर्वांत वाईट, संपल्यावर माइक फिरवून "काय अनुभव आला?" विचारणं. पहिला मुलगा "प्रकाश दिसला" म्हणतो आणि मग सगळ्यांना काहीतरी दिसायला लागतं. विचारायचंच असेल तर एवढंच: लक्ष किती वेळा सुटलं आणि कसं कळलं? तेही चिठ्ठीवर.

सावध : दाराबाहेर एक शांत स्वभावाची शिक्षिका बसलेली हवी. कुणाला धडधड झाली, रडू आलं, तर डोळे उघडून बाहेर यायची मोकळीक आधीच दिलेली असावी. त्या मुलाला परत आत बसायचा आग्रह नको. पाणी, थोडं चालणं आणि ऐकणारं माणूस. पुढे मदत लागेल असं वाटलं तर महाविद्यालयाचे समुपदेशक, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक, ज्यावर केव्हाही फोन करता येतो. चालू असलेली गोळी ध्यानामुळे बंद करावी असं कुणीही, कधीही सुचवायचं नाही.

## टप्पा ५ : मंडल (११ ते १.३०)

सत्र संपल्यावर चहाला सोडून गलका होऊ देऊ नका. दहा मिनिटांत शेजारच्या खोलीत. सूचना हळू आवाजात.

सुरुवातीलाच, रांगोळीला हात लावण्याआधी, एक गोष्ट सांगा: हे उद्या आपणच मोडणार आहोत. तिबेटी भिक्खू रंगीत वाळूचं मंडल दिवसचे दिवस खपून रचतात आणि पूर्ण झाल्यावर पुसून टाकतात, तोच त्यातला धडा. मी पहिल्या वर्षी हे शेवटी सांगायचं ठरवलं होतं. परिणाम जास्त होईल असं वाटलं. एक मुलगी हुंदके देऊन रडली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पूर्ण केलं होतं आणि ते घरच्यांना दाखवायचं होतं. अनित्यता शिकवायची म्हणून मी तिला फसवलं होतं. तेव्हापासून आधी सांगते, आणि मोडण्याआधी प्रत्येक गटाचा एक फोटो काढून देते.

आता आखणी.

१. मध्य शोधा: प्लायवूडचे कोपरे तिरके जोडा, रेषा छेदतात तो मध्य.

२. वर्तुळं सुतळीनं काढू नका. सुतळी ताणली जाते, सुरुवात आणि शेवट जुळत नाहीत आणि सगळं मंडल लंगडतं. भोकं पाडलेली लाकडी पट्टी घ्या, एका भोकात खिळा, दुसऱ्यात खडू. ३, ११, १३ आणि १६ इंच त्रिज्येची चार वर्तुळं पुरतात.

३. आठ भाग करा. इथे निम्मे गट चुकतात. शाळेत शिकल्याप्रमाणे त्रिज्येएवढंच अंतर परिघावर ठेवत गेलं की सहा भाग पडतात, आणि बुद्धांच्या अष्टांगिक (आठ अंगांच्या) मार्गाचं म्हणून आठ पाकळ्यांचं ठरवलेलं कमळ सहा पाकळ्यांचं होतं. आठसाठी: एक व्यास काढा. त्याच्या दोन्ही टोकांवरून, त्रिज्येपेक्षा मोठ्या अंतरानं, वर आणि खाली कंस काढा. कंस छेदतात ते बिंदू जोडले की काटकोनात दुसरा व्यास मिळतो. चार भागांना याच रीतीनं दुभागा.

४. पाकळ्या ३ आणि ११ इंचांच्या वर्तुळांमध्ये. बाहेरच्या दोन पट्ट्यांत वेल किंवा ठिपके.

५. भरायला मध्यापासून सुरुवात, बाहेर जात जात. कडेपासून भरलंत तर मध्यापर्यंत हात नेताना मनगट भरलेल्या नक्षीवर टेकतं.

६. आधी पांढरा पातळ थर चाळणीनं, मग रंग चिमटीनं किंवा शंकूनं. थर पातळ ठेवा. जाड ढीग दिसायला भरगच्च वाटतो, पण कडा ढासळतात.

७. एका वेळी तिघंच काम करतील, दोघं बसून पाहतील आणि दर वीस मिनिटांनी अदलाबदल. पाहणाऱ्यांनी सूचना द्यायच्या नाहीत. हे सगळ्यांत अवघड आहे.

मंडल अर्धं राहण्याचं कारण बहुधा नक्षीची हाव. पाऊण तासात आखणी संपली नाही तर बाहेरची पट्टी सोडून द्या.

दम्याची तक्रार असलेल्या मुलांना या खोलीत बसवूच नका. रांगोळी ही दगडाची पूड आहे, मास्कनं पूर्ण भागत नाही. त्यांच्यासाठी बाहेर ओल्या शाडू मातीचा छोटा स्तूप: खाली मेधी (गोल चौथरा), वर अर्धगोल अंड, त्यावर हर्मिका (चौकोनी कठडा) आणि छत्र. कराडजवळच्या आगाशिव डोंगरात, जखिणवाडीच्या बाजूला, लेणी आहेत. तिथल्या स्तूपाचं रेखाटन आठवडाभर आधी करून आणलं तर हे काम फार छान होतं. जाताना पाणी बरोबर न्या, मधमाश्यांची पोळी दिसली तर तिथे थांबू नका, आणि कोरीव कामावर कागद ठेवून घासून ठसा घ्यायचा नाही, नुसतं पाहून काढायचं. कार्यशाळेच्या दोन दिवसांत ही सहल बसवायचा प्रयत्न करू नका.

तपासा : जेवणाआधी सगळ्यांचे हात साबणानं धुतले का? रांगोळीचे रंग पोटात जायचे नसतात. खोलीला कुलूप लावून किल्ली एकाकडेच.

## टप्पा ६ : दुपारची तालीम (२.३० ते ४.३०)

हा टप्पा वगळला जातो आणि दुसऱ्या दिवशी मुलं वस्तीत जाऊन भाषणं करतात.

विनयपिटक या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, त्याच्या महावग्ग या भागात, एक प्रसंग आहे. पोटाच्या विकारानं एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता, कुणी जवळ जात नव्हतं. बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः आंघोळ घातली, खाटेवर ठेवलं, आणि भिक्खूंना सांगितलं की ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची करावी. पुढे चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण येतात: औषध तयार करता येणं, काय मानवतं काय मानवत नाही हे कळणं, लोभानं नव्हे तर मैत्रीनं करणं, मल-मूत्र-वांतीची किळस न बाळगणं, आणि योग्य वेळी बोलून रुग्णाला उभारी देणं. हे पाच गुण फळ्यावर लिहा आणि दुपार त्यावरच काढा.

पहिल्या गुणासाठी ओआरएस प्रत्येकानं स्वतः बनवायचं. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे पाकिटातली थोडी पूड पेलाभर पाण्यात टाकणं. पाकीट पूर्ण, पाणी उकळून गार केलेलं एक लिटर, चोवीस तासांत संपलं नाही तर फेकायचं. पाकीट नसेल तर एक लिटरला सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकू देऊ नका.

पाचव्या गुणासाठी जोड्या करा. एकानं तीन मिनिटं आपल्या घरातल्या आजारपणाबद्दल बोलायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. सल्ला नाही, "माझ्या आत्यालाही असंच झालं होतं" नाही. नंतर ऐकणाऱ्यानं दोन वाक्यांत सांगायचं की काय ऐकलं. सकाळी बसलेली मुलं आणि न बसलेली मुलं यांतला फरक इथे उघड दिसतो.

## टप्पा ७ : दुसरा दिवस, वस्ती (७.३० ते १०)

आशाताई पुढे, विद्यार्थी मागे. समाजमंदिरात किंवा विहारात टेबल मांडा. रक्तदाब परिचारिका किंवा प्रशिक्षित नर्सिंगचे विद्यार्थीच घेतील. आपल्या मुलांचं काम लोकांना बसवणं, ऐकणं, चिठ्ठी लिहिणं.

खुर्च्यांची एक रांग "पाच मिनिटांची रांग" म्हणून राखा. चालत आलेल्या माणसाचा रक्तदाब लगेच घेतला की आकडा वाढीव येतो. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, न बोलता. प्रत्येकाच्या शेजारी एक विद्यार्थी तितकाच गप्प बसेल. त्याआधी अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा मिश्री झाली असेल तर थांबायला सांगा. मिश्रीबद्दल मुद्दाम विचारावं लागतं, कारण लोक तिला तंबाखूत मोजत नाहीत. लघवीला जायचं असेल तर आधी जाऊन येऊ द्या. हात हृदयाच्या उंचीवर, टेबलावर टेकलेला, पट्टा उघड्या दंडावर. एक मिनिटाच्या अंतरानं दोन वेळा मोजा.

वरचा आकडा १४० किंवा जास्त, किंवा खालचा ९० किंवा जास्त आला तर चिठ्ठी द्या आणि आरोग्य केंद्रात पुन्हा तपासायला सांगा. "तुम्हाला बीपी आहे" असं म्हणू नका, एका सकाळच्या आकड्यावर निदान होत नाही. १८०/१२० च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, एका बाजूला शक्ती कमी होणं यातलं काही दिसलं तर लगेच १०८.

सावध : "ध्यानाआधी आणि ध्यानानंतर" रक्तदाब मोजून फरक दाखवण्याचा मोह होतो. करू नका. नुसतं पाच मिनिटं शांत बसल्यानं आणि दुसऱ्यांदा मोजल्यानंही आकडा उतरतो. तो आकडा फळ्यावर लिहून आपण लोकांना गोळीऐवजी ध्यान सुचवतो आहोत, असाच अर्थ घेतला जातो.

रुग्णांचे फोटो नाहीत. नावं आणि आकडे व्हॉट्सॲप ग्रुपवर नाहीत. नोंदवही एकच, ती आशाताईंकडे जाते.

## टप्पा ८ : मंडल मोडणं (११.३० ते १२)

परत आल्यावर दहा मिनिटं सगळे आपापल्या मंडलाभोवती बसतील, श्वास पाहतील. मग फोटो. मग ब्रशनं कडेकडून मध्याकडे, सावकाश, गटातल्या प्रत्येकाचा हात लागेल असं.

ती रांगोळी संगम माहुलीला नेऊन कृष्णेत सोडायची कल्पना दर वर्षी कुणीतरी मांडतं. वाहत्या पाण्यात सोडायची रीत तिबेटी परंपरेत आहे हे खरं, पण आपल्या रांगोळीत कृत्रिम रंग असतो आणि खाली लोक पाणी पितात. चाळून डब्यात भरा. सगळे रंग मिसळून करडा रंग होतो, तो पुढच्या वर्षीच्या मंडलाच्या बाहेरच्या पट्टीला वापरा.

## टप्पा ९ : पंधरा दिवसांनी

कार्यक्रम संपताना ही तारीख जाहीर केलेली असली पाहिजे, नाहीतर हा टप्पा होत नाही. चार विद्यार्थी आणि एक शिक्षक आशाताईंकडे जातील आणि वहीवरून एकच मोजणी करतील: चिठ्ठी दिलेल्यांपैकी किती जण आरोग्य केंद्रात पोचले? जे पोचले नाहीत त्यांना कारण विचारायचं. रोजगार बुडतो, केंद्र लांब आहे, बरोबर कुणी नाही, भीती वाटते, अशी कारणं येतात. शेवटच्या दोन कारणांवर विद्यार्थी स्वतः काही करू शकतात. ज्या मावशींच्या शेजारी पाच मिनिटं गप्प बसलेला मुलगा होता, त्यालाच त्यांच्याबरोबर केंद्रात पाठवा.